वरच्या पोत्यातले शंभर दाणे

मग लिहा ना, साहेब — मीटरभर ओळीत पंधरा पाहिजेत तिथं चार झाडं. तिसऱ्यांदा मोजून पाच होणार नाहीत. कारण? पाऊस लिहा, बोरी गावात सगळे तेच सांगायलेत. तुमी पिकाचा अंदाज वर कळवणार, त्यावर मानवतच्या मोंढ्यात सोयाबीनचा भाव हलणार — हलू द्या, आमच्या काय कामाचा. भावापायीच तर झालं हे. मोबाईलवर बघून मीच वडिलांना म्हणलं, आबा, जूनपर्यंत विकू नका, वाढायलाय. आमच्या आबांकडून आख्खी आळी घरचं बियाणं नेते. त्यांचं ठरलेलं — फळीवर एकावर एक चारच पोत्यांचा थर, सोयाबीनचं साल नाजूक, दाबलं की आतला कोंब मरतो. पण माल विकलाच नाही तर ठेवायचा कुठं? मी म्हणलं, दहाचा थर लावा, तुमचं आपलं कायम जुनंच. बियाण्याची पोती तळाला गेली. तपासलं की — तपासलं कसं नाही, बीएस्सी झालीय मी. ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळले, अठ्ठ्याऐंशी उगवले. आबा म्हणले, पोत्यापोत्यातली मूठ घे. मी म्हणलं, एकाच शेतातलं, काय फरक पडतोय? वरच्याच पोत्यातले घेतले. कोण उपसणार होतं तेवढा थर —

हे नका लिहू.

पुढचं शेत छबूबाईचं. दोन एकर, एकटी बाई. तिनं आमचंच बियाणं नेलं — आबा कां-कूं करायले होते, मीच दिलं, म्हणलं, मी तपासलंय, बिनघोर पेर. तिच्यात तर चारबी नाहीत, आन् दुबार पेरायचे दिवस गेले. परवा आली. भांडायला नाही हो, नुसतं विचारलं — राजेश्री, तू तपासलं होतंस ना? मी तोंड उघडायच्या आत आबा म्हणले, पावसानं दगा दिला, छबू. आबा म्हणले हे, माझ्यासाठी. रागवत पण नाहीत मला. जेव म्हणतात, झोप म्हणतात. एकदा तरी रागवावं ना माणसानं — उलट सगळ्या आळीला सांगून आले, पुढच्या साली माझ्याकडं बियाण्याला येऊ नका, वय झालं माझं.

ती तुमाला विचारंल. तुमी शिकलेले, तुमचं खरं मानंल — माझं मानलंच होतं की. तिला पाऊसच सांगा.

असं बघू नका माझ्याकडं. जा तुमी. बांधावरून जा — उगवलंय तेवढं तरी तुडवू नका.