दिव्याभोवतीची कडी

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर एक निवृत्त प्राध्यापक आणि त्यांची थोरली बहीण येऊन बसली. दोघं नुकतीच डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर आली होती.

"दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात, हे दोन वर्षं कुणाला सांगितलं नाहीस?"

"फार सुंदर दिसायची गं, ताई."

"सुंदर!"

"चंद्राभोवती तर इंद्रधनुष्यच. तीस वर्षं रोमँटिक कविता शिकवली. तिथं चंद्र म्हणजे कल्पनाशक्ती. वाटलं, म्हातारपणी का होईना, मलाही दिसायला लागलं."

"आणि डोकं दुखायचं ते?"

"प्रतिभा आली की दुखणारच, असं वाटायचं."

"मास्तर, तो डोळ्यातला दाब होता! एक डोळा गेला. दुसराही वाचणार नाही म्हणाले."

"ऐकलं मी."

"वेळेवर आला असतास तर दोन्ही वाचले असते, हेही म्हणाले."

"ऐकलं म्हटलं ना."

"बरं, बरं. ओरडू नकोस."

"नाही ओरडत."

"तुझ्या त्या ग्रीक नाटकांत आंधळ्यालाच खरं काय ते दिसतं ना? माझ्या पोरांनाही शिकवायचास."

"शोकांतिकेत आंधळेपण म्हणजे ज्ञान. दरवर्षी फळ्यावर लिहायचो."

"मग गेलेल्या डोळ्याला काय दिसतं?"

"काही नाही."

"अंधार तरी?"

"अंधारसुद्धा नाही. तुझ्या कोपराला काय दिसतं? तेवढंच."

"चल, ऊठ. हात धर माझा."

"ताई, त्या बाजूला नको. इकडे ये, या डोळ्यासमोर. दिसतेयस तोवर."