खांद्याचं आवतन

(यवतमाळ. हाडांच्या दवाखान्यातली रक्त घ्यायची खोली. खांद्याची तुटलेली शीर जोडून घेतलेले राळेगावकडचे पुंडलिकराव, त्यांची बायको विमलताई, आणि तिथं काम करणारी प्राची.)

पुंडलिकराव : अन् मंग रगतातलं लाल कुठी जाते?

प्राची : तळाशी बसतं, काका. नळी मशीनमध्ये गरगर फिरली की जड ते खाली, हलकं पिवळं ते वर. ही बघा, दुसऱ्या पेशंटची.

पुंडलिकराव : कोनाची हाये?

प्राची : नाव नाही सांगत आम्ही.

पुंडलिकराव : बरं, नको सांगू. पन रंग तं पाय वं विमल! डेअरीत दुधाची साय काढतेत, तसंच हाये हे.

विमलताई : मले नका दाखवू बापा. मले चक्कर येते.

पुंडलिकराव : अन् हे पिवळं माह्यंच, माह्याच खांद्यात घालसान?

प्राची : हो. जखम भरणारे कण असतात त्यात. जोडलेली शीर नीट धरावी म्हणून.

पुंडलिकराव : धरते का पन?

प्राची : खरं सांगू? काहींना फरक पडतो, काहींना नाही.

पुंडलिकराव : डाक्टर बी हेच म्हने. तरी तुले इचारून पायलं. मले पोयाच्या आत हात पाह्यजे. दहा रोजावर खांदशेकनी आली.

प्राची : आमच्या घरी बैल नाहीत, काका. पोळा माहीत आहे, पण खांदशेकणीला काय करतात?

पुंडलिकराव : पोयाच्या आदल्या रोजी बैलाचे खांदे शेकाचे, हयद अन् तूप चोयाचं. सालभर जू वाह्यते ना ते! मंग त्याच्या कानात सांगाचं, आज आवतन घे, उद्या जेवाले ये. घरधन्याच्याच हातानं. एकोनचाळीस वर्स झाले, एक साल चुकलो नाई.

प्राची : मग जमेल. आज इंजेक्शन, पुढं आठ दिवस खांद्यावर जोर नाही. दहाव्या दिवशी हळदीचा हात फिरवा खुशाल.

पुंडलिकराव : आयकलं का वं?

विमलताई : आयकलं.

प्राची : आता एक लिहायचंय. आठवडाभरात दुखण्याची गोळी घेतली?

पुंडलिकराव : एक बी नाई! डाक्टरनं नाई म्हनलं म्हंजे नाई. लय ठनके, नुसता छताकडे पाहून राह्यलो. मंग हिनं हयदीचं दूध चालू केलं. चार रोजापासून असा झोपतो का कोंबडा आरडला तरी पत्ता नाई. तुह्या मशीनीले जमनार नाई ते. लिह्य, लिह्य तिथी!

प्राची : इतका फरक? हळद किती घालता, काकू?

विमलताई : चमचाभर.

प्राची : फक्त हळदच?

विमलताई : ...अन् एक गोयी.

पुंडलिकराव : काय?

विमलताई : कुटून घातली. ऑपरेशनच्या वक्ताची उरली होती त्यातली. तुमी कन्हत होते, माह्याच्यानं पाहवे नाई. अन् गोयी तं तुमी हातात बी घेत नव्हते!

पुंडलिकराव : तरीच कडू लागे! मी म्हनलं, हयद जुनी हाये. माह्याच पोटात काय चाललं ते मलेच ठाव नाई?

प्राची : काकू, अहो, याच कणांना ती गोळी सुस्त करते. डॉक्टरांना विचारते, पण आज ते देणार नाहीत. पुढच्या बुधवारी या.

पुंडलिकराव : अन् तिथून आठ रोज जोर नाई. म्हंजे खांदशेकनी गेली. पोया झाल्यावर येतो मंग.

प्राची : मोठे डॉक्टर नागपूरहून येतात, काका. त्या बुधवारनंतर महिनाभर येणार नाहीत. अन् त्यांना उशीर नकोय.

पुंडलिकराव : मंग नकोच ते इंजेक्शन. चाल घरी.

विमलताई : चुकलं माह्यं, हजारदा चुकलं. पन एका पोयासाठी? बैल जरासा लंगडला तं तुमी महिना महिना जुंपत नाई त्याले. सोतावर काहून दया नाई येत तुमाले?

पुंडलिकराव : लिह्य पोरी, बुधवार. अन् हयद यंदा तूच चोय, विमल.

विमलताई : मी? बाईमानसानं?

पुंडलिकराव : कायले भेते? पाखऱ्या बैलाचा डावा खांदा सोलला हाये, तिथी हलक्या हातानं. मी बाजूले उभा रायतो.

विमलताई : अन् आवतन?

पुंडलिकराव : ते बी तूच दे. त्याले तरी आधी सांग, मंग हात लाव.