चहा न पिणारी माणसं

कोंडिबा : म्हंजे वैनी, गेल्या सालच्या दिवाळीपासनं ती दोघं तुमच्या वरच्या खोल्यांत राहत्यात, आन् तुमी एकदाबी इचारलं न्हाई, की बाबांनो, हितं आलात कशाला?

चंद्राबाई : इचारलं की. बाई म्हणाली, सेवा करायला. आता सत्तरीला टेकलेली नवरा-बायको अमेरिकेतनं उठून आपल्या माले गावाला येत्यात आन् सेवा करत्यात. कुनाची? माजे गुडगे तर अजून कुनी चेपले न्हाईत.

कोंडिबा : हसू नका. मिशनरी हायेत ती.

चंद्राबाई : ते त्यांनीच सांगितलं, पहिल्या दिवशी, संगं आलेल्या पोराकडनं. पर माज्यापाशी देवाचं नाव काढलं आसंल तर शपथ. बाई बोलती ते लोणच्याचं.

कोंडिबा : मग हिंडत्यात कशाला? कवा धरणाच्या कडंला, कवा ताम्हिणीत. आन् साहेब तर तुमच्या खाचराच्या बांधावर उकिडवा बसतो आन् माती हातात घेऊन चुरतो. काय बघण्यासारखं हाय तितं? धबधबा हाय का?

चंद्राबाई : ते मलाबी खटकतंय.

कोंडिबा : आन् ते शनवारचे पाहुणे? लवळ्याच्या कॉलेजातली पोरं-पोरी. रिक्षा भरून येत्यात.

चंद्राबाई : त्यांचं मला काय न्हाई. आईबापापासनं लांबची लेकरं. येत्यात, जेवत्यात, हसून-खिदळून जात्यात. परवा एकीनं बाईच्या मांडीवर डोकं ठेवून रडून घेतलं. मला सलतंय ते येगळंच.

कोंडिबा : काय ते?

चंद्राबाई : ती दोघं माज्या घरचा चहा पीत न्हाईत. कवाबी इचारा, नको. मानूस गोड हसतंय आन् कप मागं सारतंय. भावजी, माज्या लग्नाच्या सालची गोष्ट हाय. तुमी तवा चड्डीतले, माज्या कडेवर बसायचा. रस्त्याच्या जमिनीचं बघायला एक जण आला हुता. बोलायला लई गोड. सासूबाईंनी चहा केला, तर म्हणाला, पोट बिघडलंय. पाणीसुदीक घेतलं न्हाई. त्याच मानसापायी आपलं खालचं खाचर गेलं. सासूबाई मरेस्तोवर म्हणायच्या, त्याचं पोट नव्हतं बिघडलं. आपल्या घरचं प्याला असता तर आपल्यावर हात टाकवला नसता त्याला, म्हणून प्याला न्हाई.

कोंडिबा : मी तरी दुसरं काय सांगतोय? आजच सांगा, खोल्या रिकाम्या करा म्हणून. उद्या आपल्याला पौडला कचेरीत जायचंय, सातबाऱ्यावर दादाच्या माघारी वारस लावायला. त्याच्या आत घालवा त्यांना.

चंद्राबाई : वारस लावायचा आन् ह्यांचा काय संबंध?

कोंडिबा : संबंध कुटला? उगं घरात परकी मानसं नकोत.

चंद्राबाई : बघते. बसा, चहा टाकलाय. घेणार न्हवं?

कोंडिबा : तुमच्या हातचा चहा मी कवा सोडलाय?

(जिन्यावर चपला वाजतात. हातात स्टीलचा डबा घेऊन नोराबाई दारात येतात.)

नोराबाई : नमस्कार, चंद्राबाई. तुमचा डबा परत आणला आहे. पिठले फार छान होते. वॉल्टरने डबा बोटाने पुसला. नमस्कार, कोंडिबा भाऊ.

कोंडिबा : हं.

चंद्राबाई : या, बसा. चहा हुतोच हाय.

नोराबाई : धन्यवाद. नको.

चंद्राबाई : का नको? आज सांगाच. माजं घर बाटलंय का?

नोराबाई : नाही हो! आमच्या धर्मात चहा चालत नाही. कॉफीही नाही. तुम्ही एकादशीला भात खात नाही ना, तसे. फक्त आमची एकादशी रोज असते.

चंद्राबाई : रोज? मग इतके दिस तोंडात काय धरलं हुतं?

नोराबाई : आले तेव्हा मला मराठीत ‘नको’ एवढेच येत होते. नंतर तुम्ही रोज विचारायच्या, मी रोज ‘नको’ म्हणायची. मला वाटले, तुम्हाला कळले असेल.

चंद्राबाई : मला कळलं ते भलतंच. आन् साहेब माती का चुरत्यात?

नोराबाई : तो बटाटे लावायचा. आता शेत मुलाकडे आहे. ताम्हिणीत सगळे लोक दरी बघतात, हा खाली बसून माती बघतो. मी म्हणते, अरे, लोक हसतील.

कोंडिबा : हसत न्हाईत बाई, संशय घेत्यात.

नोराबाई : असे? मग तुमच्या पाहुण्यांवरही घेत असतील, भाऊ. त्यांनीसुद्धा माती पाहिली.

चंद्राबाई : कुनाच्या पाहुण्यांवर?

नोराबाई : कोंडिबा भाऊंच्या. तुम्ही डोळे तपासायला पौडला गेला होतात ना, त्या दिवशी. पांढरी गाडी होती. त्यांनी मागच्या परड्यात विहिरीपासून आंब्यापर्यंत टेप धरली. एक टोक सारखे सुटत होते, म्हणून वॉल्टरने धरले. मदत म्हणून.

चंद्राबाई : सेवा केली म्हणा की.

कोंडिबा : वैनी, बाईला मराठी नीट कळत न्हाई—

नोराबाई : भाऊ म्हणाले, चंद्राबाईंना सांगू नका, त्यांच्यासाठी गंमत आहे. म्हणून मी गप्प बसले. पण त्यातला एक माणूस म्हणाला, ही विहीर बुजवावी लागेल. चंद्राबाई, तुम्ही रोज सकाळी त्या विहिरीला फूल वाहता. ही कसली गंमत? मला झोप लागत नाही. आज मी तेच विचारायला खाली आले.

चंद्राबाई : डोळे तपासायला मला तुमीच धाडलं हुतं, भावजी. गाडी करून. मी आख्ख्या वाटंत तुमाला दुवा देत हुते.

कोंडिबा : नुसतं बघून गेले हो ते. वारस लागल्याबिगर काय हुतंय?

चंद्राबाई : आन् लागल्यावर काय हुतंय?

कोंडिबा : चहा बघा वैनी, उतू जाईल.

चंद्राबाई : माज्या ह्यांनी ती विहीर हातानं खणली. तुमी वरनं पाट्या वढल्या, तळहात सोलले हुते तुमचे. मीच हळद लावली.

कोंडिबा : तवाचे दिस येगळे हुते, वैनी.

चंद्राबाई : व्हय. उद्या मी पौडला येत न्हाई. येईन तवा गौतमीला घेऊन येईन. लेक हाय माजी, तिलाबी बघू दे कशावर अंगठा उठतोय ते. घ्या, चहा गाळलाय. निवतोय.

कोंडिबा : न्हाई... आज नको मला, वैनी.

चंद्राबाई : बरं. बाई, तुमच्यात दूध तरी चालतं का? गूळ घालून देते.