विहिणीच्या पंगतीतला पाढा

...आता तुमीच सांगा बायांनो, पोटच्या पोरीच्या लग्नात विहिणीला 'जेवा' म्हणायचं, ते काय भाड्याच्या तोंडानं म्हणायचं? आमच्या जाऊबाई मोहिनी, नाक उडवून मला म्हणती, "लंकाबाई, तुमची विहीण स्पेनची. तुमी आपलं वाढा नुसतं, आमची पोरगी आरती इंग्रजीत आग्रह करील हो!" अगं, इंग्रजी विहिणीला येत नाय अन् आरतीला बी येत नाय, दोघी थँक्यू थँक्यू करत बसतील अन् ताट जाईल थंड! उद्या ती बाई माघारी जाऊन सांगायची, लेकाच्या लग्नाला शिनोलीला गेले, पण घास घ्या म्हणून कुणी म्हणलं नाय. नाक कापलं जाईल की माझं! म्हणलं, आग्रह करीन तर मीच करीन. अन् लंकाबाई म्हणली म्हणजे म्हणली!

मग काय, हर्षालीला, म्हणजे नवरीलाच, वही घेऊन पुढ्यात बसवलं. तिनं स्पॅनिशचे सहा शब्द लिहून दिले. मी खाते, कोमो. तू खातेस, कोमेस. ती खाते, कोमे. मग आमी, तुमी, ते... कोमेमोस, कोमेइस, कोमेन. पोरगी म्हणाली, "आई, तुला तिसरा तेवढा लागंल. मोठ्या माणसाला बी तोच चालतो. कोमे म्हण, त्या वळखतील." पण तिसराच तेवढा पाठ कसा व्हणार? बे त्रिक विचारलं तर मी अजून बे एकेपासनं निघते! महिनाभर तेच... धार काढताना कोमो कोमेस, भाकरी थापताना कोमेमोस कोमेइस. म्हैस कान टवकारून बघायची. आमचे हे वैतागले, "अगं, शिंकताना तरी मराठीत शिंक!" पण लंकाबाई म्हणली म्हणजे म्हणली!

लग्न लागलं. आता आमच्या घरची रीत अशी, की विहिणीची पंगत उठंस्तवर नवरीच्या आईला कडक उपास. पाण्याचा घोट बी नाय! पिलारबाई, विहीणबाई वो आमच्या, नऊवारी सावरत पाटावर बसल्या. ताटात जिलब्या ही अशी चळत. समदा मांडव बघतोय, मोहिनी तर कमरेवर हात ठेवून हुभी. मी जिलबी उचलली, पुढं केली... अन् तिसरा शब्द आठवंना! म्हणलं, पाढा पहिल्यापासनं घेऊ, अन् ठणकावून म्हणलं, "कोमो!"

म्हणजे काय? मी खाते!

ती माउली अशी काय खूश झाली... माझ्याच हातातली जिलबी घेतली अन् अख्खी माझ्या तोंडात! आता विहिणीनं भरवलेला घास, थुंकू का काय? गिळला. मागनं मोहिनी, "अगो बाई, उपास मोडला की वो!" मोडला तर मोडला, पण लंकाबाई म्हणली म्हणजे म्हणली! दुसरी उचलली. "कोमो, को..." दुसरी तोंडात! तिसरीला लई घाई केली, "कोमोकोमेस..." तोंड उघडं दिसलं की जिलबी आत! दम तरी घेऊ द्यावा माणसानं! अन् गोड इतकं हसायची ती, की राग तरी कसा यावा सांगा?

सात झाल्या. मग म्हणलं, आता डोकं चालवायचं. पदर तोंडात कोंबला, पहिले दोन शब्द मनातल्या मनात म्हणले, पदर वढला अन् बोंबललेच, "कोमे!"

जमलं! बरोबर म्हणले! विहीणबाईंनी मान डोलावली अन् ताटाकडं बघितलं... ताटात पाक. वाढप्याला हाक मारली, तर पप्पू रिकामं पातेलं दाखवतोय, "काकी, जिलबी संपली!"

तवर विहीणबाई हर्षालीच्या कानात कायतरी बोलल्या. पोरगी हसू दाबत माझ्याकडं वळली, "आई, त्या इचारत्यात, पोट भरलं का तुमचं? लाजू नका म्हणावं."

विहिणीची पंगत उठली, विहीण उपाशी, अन् ढेकर आला मला!