देव्हाऱ्यातली सनद

(उस्मानपुरा. उर्दू शाळेतून निवृत्त झालेल्या वहाबचाचांचं घर. समोर पिशोर सोडून पुंडलिकनगरात राहायला आलेला काकासाहेब आणि त्याची आई सारजाबाई.)

वहाबचाचा : सनद नाही ही, काकासाहेब. फिर्याद आहे.

काकासाहेब : चाचा, नीट बघा. निजामाच्या काळातली सनद हाय. दर दसऱ्याला पूजतो आम्ही.

वहाबचाचा : पूजा शौक से करो. लिहिलंय, फकिरा वल्द पुंजाराम, राहणार पिशोर, यानं शेजारच्या कडूबाची म्हैस आपल्या गोठ्यात बांधून घेतली.

सारजाबाई : अगं बया! फकिरा म्हंजी माझे आजेसासरे. त्यांच्या नावानं पोरांना शपथा घातल्यात आम्ही.

काकासाहेब : म्हैस राहू द्या. नावापुढं जात लिहिलीय का? तहसीलात गेलो, ते म्हणले अभिलेखागारात बघा. तिथं गेलो, ते म्हणले जुनं समदं उर्दूत हाय, घरात काही असंल तर तेच आणा. पोरीच्या प्रवेशाला दाखला लागतो. सोमवारी शेवटची तारीख हाय.

वहाबचाचा : लिहिलीय ना. ‘कौम’. त्याच्यापुढं...

काकासाहेब : काय?

वहाबचाचा : कुंकू.

काकासाहेब : अशी जात नसती, चाचा.

वहाबचाचा : जात नाही मियाँ, थर. बोटभर जाड.

सारजाबाई : सासूबाईंनी दावलं तिथंच लावते मी. चाळीस वर्षांत येक दसरा चुकवला नाय.

काकासाहेब : एवढा कागद मोकळा पडला होता, आई!

सारजाबाई : मंग काय, देवाचं कपाळ सोडून गुडघ्याला लावू?

वहाबचाचा : खाली लिहिलंय, एक नक्कल कडूबाला दिली. ती त्यांच्याकडं असेल. आणि तिची पूजा कुणी केली नसेल.

काकासाहेब : त्यांचं आमचं बोलणं नाय.

वहाबचाचा : का?

काकासाहेब : कुणालाच ठाव नव्हतं. आत्ता तुम्ही वाचलं तवा कळलं. तिथं जाऊन म्हणू काय? आमच्या पणजोबानं तुमची म्हैस नेली, तेवढा पुरावा द्या?

वहाबचाचा : असंच म्हणायचं. थोडं अदबीनं.

सारजाबाई : मी जाते. त्या घरातली चतुराबाई माझ्या माहेरची. एका मांडवात लग्नं लागली आमची. सासरी उतरलो तवा कळलं, एकमेकींशी बोलायचं नाय.

काकासाहेब : मंग ऊठ, गाडी काढतो. गेल्या गेल्या कागद मागून घे.

सारजाबाई : आज शनवार ना?

काकासाहेब : व्हय.

सारजाबाई : मंग कागद उद्या मागीन. आज नुसती बसते तिच्यापाशी.