मी येईपर्यंत ढवळत राहा

"बसमध्ये दुसऱ्यांचं बोलणं ऐकू नकोस, मग तुझ्याच जिवाला घोर लागतो," असं नवऱ्याने बजावलं होतं, पण शूयिंगने ते हसण्यावारी नेलं. गुआनशीहून बस सुटली, बाळ मांडीवर झोपलं, आणि पुढच्या सीटवरच्या म्हाताऱ्या नणंद-भावजया बोलायला लागल्या.

"वहिनी, अंगाला शियानचावच्या पाल्याचा वास येतोय तुमच्या."

"येणारच. पहाटेपासून उकळला, गाळला, जेलीसाठी पीठ लावलं आणि निघाले."

"मग गॅसपाशी कोण?"

"तुमचे दादा. म्हटलं, मी येईपर्यंत ढवळत राहा, थांबलात तर बुडाला लागेल."

"आणि तुम्ही येणार कधी?"

"परवा. लेकीकडे चाललेय ना!"

"अहो वहिनी!"

"दाट झालं की उतरवतील. एवढं कळतं की माणसाला."

"दादाला? लग्नात फोटोवाला हलू नका म्हणाला, तर पंगत उठेपर्यंत उभा होता तो!"

"अगं बाई, खरंच की."

"फोन लावा आधी."

"त्यांचा फोन माझ्याच पिशवीत. पातेल्यात पडेल म्हणून काढून घेतला."

"शेजारी?"

"पुलापलीकडे आमचं एकट्याचंच घर."

"मग उतरा!"

"कुठे? ही थेट शिनचूलाच थांबते."

शूयिंगला घाम फुटला. तुमच्यापैकी कुणी गुआनशीत असेल, तर तिचं एवढं ऐका. पुलापलीकडे जा, आधी गॅस बंद करा. आजोबांच्या हातातला डाव मात्र एकदम काढून घेऊ नका.