गाडा अडकला नाही तेव्हा

लस टोचायला आणलेल्या बाळाला थोपटत एक आई दवाखान्याच्या बाकावर बसली होती. शेजारी अंगठ्याला फडकं गुंडाळलेला रस्त्यांचा मुकादम आणि त्याला धरून आणलेली बेकरीवाली काकू.

“उद्या सायकलींची एवढी मोठी शर्यत, आणि तुम्ही आज बोट चेचून बसलात!”

“पहाटे बोंब कोणी ठोकली, काकू? गटाराच्या जाळ्या चुकीच्या बसल्यात म्हणून?”

“मग काय करू? पंधरा वर्षं दुकानातून रस्त्यावर काढताना माझा पावाचा गाडा त्या जाळीच्या फटीत अडकतोय. आज लोण्यासारखा पार गेला, तेव्हाच ओळखलं. माझं चाक अडकत नाही, म्हणजे फटी रस्त्याच्या दिशेनं आल्या. उतारावरून येणाऱ्या त्या पोरांची बोटभर जाडीची चाकं थेट आत!”

“रंगवायला काढल्या होत्या हो. रंगाऱ्यांनी हाताला येतील तशा ठेवल्या.”

“किती फिरवल्यात?”

“एक्केचाळीस. तुमच्या दारातली शेवटची. तिनंच घेतला अंगठा.”

आतून बाळाचा नंबर पुकारला.

“आधी यांना घ्या,” मुकादमाकडे बोट दाखवत बाळाची आई म्हणाली आणि जागची हलली नाही.

मुकादम उठता उठता काकूंना म्हणाला, “शर्यत झाली की तुमच्या दारातली तेवढी परत फिरवून देतो.”

“हात तर लावून बघा! शाळेची पोरं रोज त्याच उतारावरून सायकली हाणतात.”

“आणि गाडा?”

“अडकू दे की. तुम्हाला शिव्या घातल्याशिवाय माझी सकाळ कुठे होते?”